मोबाईलवर ‘मोटर बंद’ आणि भाऊ विहिरीत

लेकरांनो, हे सगळ्यांनी वाचा.

विहिरीतली मोटर चालवायचा मोबाईल-प्रोग्राम मी शिकत शिकत लिहिला. ‘बंद’ मेथडची, म्हणजे प्रोग्राममधल्या त्या कामाच्या तुकड्याची, नक्कल करून ‘चालू’ बनवली, पण मोबाईलवर दाखवायला आत हातानं लिहिलेलं ‘बंद’ हे नाव बदलायचं राहिलं. म्हणून वीज येऊन मोटर सुरू झाली, तरी मोबाईलवर ‘बंद’च!

आज धाकटा भाऊ मोटरची जाळी साफ करायला विहिरीत उतरला. तेवढ्यात आमची सौ शेतातून ओरडली, “भावजी, पान्याला हात लावू नका! पाइपाला धार हाय, मोटर चालू हाय!”

“दादा, तू तर बंद म्हनलास!”

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. आता चूक दुरुस्त केली; जी मेथड चालते तिचं नाव प्रोग्राम स्वतःच सांगतो.

पण प्रोग्रामची जुनी, चुकीची प्रत पाथर्डीकडच्या भानुदासकडंही आहे. तोही आजच विहिरीत उतरून जाळी काढणार होता. फोन उचलत नाही. त्याच्या वस्तीजवळ कुणी आहे का?