वाढत्या अंगाचं धनुष्य

धनुष्य आणायला अकोल्याहून अमरावतीला निघालोय, हे ऐकून शेजारच्या काकूंनी विचारलं, "गॅदरिंग आहे का पोरीचं?" नाही हो काकू, गॅदरिंग नाही. तन्वी, म्हणजे माझी अकरा वर्षांची लेक, गेल्या उन्हाळ्यापासून तिरंदाजी शिकते. बांबूचं देशी धनुष्य, त्याला चाकं-दुर्बिणी काही नसतात. एक कामटी, एक दोरी आणि पोरीचा खांदा, एवढाच सगळा कारभार.

शाळेतलं धनुष्य मोठ्या मुलांच्या मापाचं आहे. ते ओढताना तन्वीचा हात थरथरतो, बाण गवतात पडतो आणि मागे रांगेतली पोरं हसतात. सुरुवातीला ती चिडायची. परवा मात्र ती शांतपणे म्हणाली, "आई, मी कमजोर आहो. मले नाही जमत हे." तिने चिडून म्हटलं असतं तर चाललं असतं. तिचं तसं ठरूनच गेलं होतं, आणि माझं डोकं तिथेच सटकलं. तिच्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "स्वतःचं घेऊन टाका. थोडं मोठंच घ्या मॅडम, वाढतं वय आहे." तिच्या बाबांनीही मागून तेच म्हटलं. त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी आम्ही मायलेकी बसस्टँडवर हजर.

ज्यांना हाच प्रवास करायचाय त्यांच्यासाठी सांगते. अकोला-अमरावती बस सकाळी बऱ्याच आहेत, बायकांना अर्धं तिकीट आहे आणि रस्ता आता चांगला झालाय. दोन-अडीच तास धरून चाला. मूर्तिजापूरला गाडी थांबते तेव्हा आलुबोंडा खा, पण कढी मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही. उजवीकडची खिडकी घेऊ नका, सकाळी निघालात तर ऊन थेट तोंडावर येतं, निदान आमच्यावर तरी आलं.

राजकमल चौकात उतरून आधी गिला वडा खाल्ला. अमरावतीत येऊन तो न खाता परत जाणारा माणूस मला अजून भेटायचाय. मग चौकाजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरलो. मालकाने तन्वीकडे पाहिलंच नाही. त्याने मला विचारलं, "पोरगा कितवीत हाय?"

"पोरगी आहे. ही समोर उभी आहे ती."

"बरं, बरं." त्याने वरच्या खुंटीवरून एक धनुष्य काढलं. त्यावर शाईने छत्तीस लिहिलेलं होतं. छत्तीस पौंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर. "हे न्या. पोरगी वाढून राहिली ना? दोन-तीन वर्षं पाहाचं काम नाही."

तन्वीने ओढून पाहिलं. दोरी हनुवटीपर्यंत यायला हवी, ती धनुष्य धरलेल्या हाताच्या कोपराशीच अडली. तिचा चेहरा लाल झाला. मालक हसला. "पाहा बेटा, असं ओढाचं," म्हणत त्याने धनुष्य घेतलं आणि बाण न लावताच दोरी खेचून फाड्‍दिशी सोडून दिली. दुकान दणाणलं. वाचकहो, रिकामी दोरी कधीही सोडू नका. बाणाला मिळायचा झटका कामटीलाच बसतो आणि ती तडकते. हे तन्वीच्या शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. आणि हा गृहस्थ धनुष्य विकतो!

"हलकं दाखवा," मी म्हटलं.

"हलकं घेऊन काय करता? सहा महिन्यात लहान होते. ताई, पोराईचं सामान नेहमी वाढत्या अंगाचंच घ्यावं."

वाढत्या अंगाचं! तुम्हीही वऱ्हाडात वाढला असाल तर हा शब्द तुमच्या अंगावर असेल. फ्रॉक वाढत्या अंगाचा, त्याला आतून चार बोटं दुमड. शाळेचे बूट वाढत्या अंगाचे, पुढे कापूस कोंबा. स्वेटर वाढत्या अंगाचा, बाह्या गुंडाळा. तन्वीचा युनिफॉर्मही तिच्या आजीने तसाच घेतलाय, त्यात दोन तन्वी मावतात. ठीक आहे, फ्रॉक ढगळ असला तर पोर फार तर गबाळी दिसते. पण धनुष्याला कापूस कुठे कोंबायचा? त्याच्या बाह्या कशा गुंडाळायच्या? मोठा बूट पोरीला म्हणत नाही की तू कमजोर आहेस. मोठं धनुष्य रोज म्हणतं.

हे सगळं मी दुकानात मोठ्याने बोलले. मालक म्हणाला, "ताई, तुमी काहून भडकून राहिल्या?" मी काही न घेता बाहेर पडले. तन्वी मागून म्हणाली, "आई, सगळे पाहत होते." पाहू दे.

रात्रीचा मुक्काम वलगावला, रुखसानाकडे ठरला होता. रुखसाना माझी कॉलेजातली मैत्रीण, तिच्या घरी भाजीपाल्याचा धंदा आहे. परतवाड्याकडे जाणारी कुठलीही बस वलगावला थांबते, शेअर ऑटोही मिळतात. जेवायला दालचा आणि भात होता. आमची हकिकत ऐकून रुखसाना जेवण अर्धं टाकून उठली आणि माळ्यावरून कापडात गुंडाळलेलं एक धनुष्य घेऊन आली.

"हे घे. सानियाचं हाय. अजून नव्यासारखं. पैशाचं नाव काढू नको."

सानिया ही तिची मुलगी, आता बारावीत आहे, मला खाला म्हणजे मावशी म्हणते. मला आठवलं, ही पोर जिल्ह्यात तिरंदाजी खेळायची.

"मग तू का सोडलंस गं?" मी तिला विचारलं.

सानियाने उजवा हात वर केला. तो खांद्याच्या थोडा वर गेला आणि थांबला. "इथून पुढे दुखते, खाला. तन्वीएवढीच होती मी तेव्हा. अब्बूनं हौसेनं हे मोठं आणलं. मी दोन वर्षं दात खाऊन ओढलं. सगळे म्हणत, हिची ताकद वाढीन. वाढली नाही, खांदाच गेला." मग ती तन्वीकडे वळली. "हे नको नेऊ. अम्मी देऊन राहिली तरी नको नेऊ."

रुखसानाने ताटं उचलली. मला भयंकर संताप आला. कोणावर संतापायचं तेच कळत नव्हतं. त्या बापावर? त्याने तर जीव टाकून धनुष्य आणलं होतं.

सकाळी सानियाने अंगणात एक खेळच मांडला. धनुष्य तिने दाराच्या खुंटीला अडकवलं, भाजी तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावला आणि तन्वीच्या हाताच्या मापापर्यंत तो खाली ओढला. "काटा पाहा." मग तिच्या स्वतःच्या हाताएवढा ओढला. काटा कितीतरी पुढे सरकला होता.

"धनुष्य तेच ना?" सानिया म्हणाली. "हात लांब झाला की दोरी जास्त ओढल्या जाते, मंग जोर आपसूक वाढते. तू वाढली की तेही वाढीन तुयासंगं. आधीच मोठं काहून घ्याचं?"

मी तो काटा पाहत राहिले. म्हणजे अख्ख्या जगात मुलांबरोबर वाढणारी एक वस्तू सापडली, आणि नेमकी तीच आम्ही वाढत्या अंगाची घ्यायला निघालो होतो! सानियाने एवढंच सांगितलं की कामटीची लांबी थोडी जास्त असावी, नाहीतर पुढे हात लांब झाल्यावर ती मोडते. पण जोर मात्र आजच्या पोरीचा हवा, तन्वीला अठरा पौंड पुरे. दोरी हनुवटीला लावून पोरगी पाच श्वास न थरथरता उभी राहिली तर ते धनुष्य तिचं. तुम्हाला या पोस्टमधून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या.

रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. मालकाने मला पाहून कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "लांब कामटी, अठराचा जोर." तो पुन्हा "सहा महिन्यात..." असं सुरू करणार, तेवढ्यात तन्वी पुढे झाली आणि म्हणाली, "काका, मी पुढच्या वर्षीची नाही आहो. मी आताची आहो." तो आतल्या कपाटातून धूळ झटकत एक धनुष्य घेऊन आला. तन्वीने ओढलं, दोरी हनुवटीला लावली आणि श्वास मोजले. मग दोरी हळूच परत नेली, रिकामी सोडली नाही. किंमत तीन हजारांच्या आत बसली, घासाघीस करायला माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने चादरीत गुंडाळलेल्या त्या लांबड्या वस्तूकडे बोट दाखवलं. "पडद्याचा पाइप का?" तन्वीने धनुष्य असल्याचं सांगितलं. "अरे वा! भावाचं?" या वेळी मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "माझं." मी खिडकीबाहेर पाहिलं. एका दिवसात दोनदा भांडण्यापेक्षा ते बरं होतं.

सोमवारी तन्वी शाळेतून आली तेव्हा बाबांनी धनुष्य हातात घेऊन उलटसुलट केलं. "एवढं हलकं? किती दिवस पुरीन हे?" मी भांडायच्या तयारीत कमरेला पदर खोचला होता, पण तन्वी धनुष्य घेऊन मागच्या अंगणात गेली. पोत्यात गवत भरून तिने ते भिंतीला टेकवलं होतं. तिने बाण लावला. दोरी हनुवटीला आली. मी तिच्या कोपराकडे पाहत होते, तो हलला नाही.

बाण पोत्यात घुसला, कडेला का होईना, पण घुसला. तन्वीने वळून पाहिलं. अंगात तोच युनिफॉर्म, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"आई," ती म्हणाली, "हे मले आजच बरोबर बसते."