काकांची पहिली भिंत

कपाटवाल्या काकांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरी कपाटं बसवली. मग हाताला कंप आला आणि दुकानाने गोड बोलून त्यांनाच घरी बसवलं. काका कुठले बसायला? त्यांनी घरामागे कामाची खोली बांधायला घेतली.

मुलगा म्हणाला, "बाबा, एकट्याने भिंती उभ्या केल्यात तर खोली तुमची. नाही जमलं तर तिथे माझी गाडी लागेल आणि तुम्ही खुर्चीत बसायचं."

"ठरलं," काका म्हणाले. परीक्षा हाताची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पहिल्या भिंतीची लाकडी चौकट उभी राहिली. कोपऱ्यातून कोपऱ्यात ठोकलेली तिरकी पट्टी तिला सावरून होती. आता चौकटीवर प्लायवूड मारायचं, तर पट्टी आड येते म्हणून काकांनी आधी तीच काढली. कपाटवाल्याची खोड ती. कपाट जमिनीवर आडवं असतं, पाठीचा प्लाय ठोकल्यावरच उभं करायचं. तोवर ते पडून पडणार कुठे? भिंत मात्र उभी होती. ती सावकाश शेजारच्या घराकडे कलली.

काकांनी धावत जाऊन खांदा लावला. आता जागचं हलता येईना आणि हातोडी चार हात लांब.

काकू कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "अहो, ही भिंत शेजारणीच्या कानात काय सांगतेय?"

"गप्प बस. पट्टी दे."

"देते की. पण ठोकाल कुठल्या हाताने? पोराला हाक मारा."

"मेलो तरी मारणार नाही."

"मरताय कशाला, नुसते चेपाल."

पाव तासात खांदा भरून आला. शेवटी काकांनी हाक मारली, पण इतकी हळू, की काकूंना तीच पुन्हा मोठ्याने मारावी लागली.

मुलगा आला. हसला नाही. दोर बांधून त्याने चौकट ओढून धरली. काकांनी दोन्ही बाजूंनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावला, दोन्ही तिरकी मापं सारखी आली, म्हणजे चौकट सरळ झाली, तेव्हा "थांब" म्हणाले आणि पट्टी आतल्या बाजूने ठोकायला घेतली. पहिला घाव बोटावर बसला. मुलगा आभाळाकडे बघत राहिला. दुसरा खिळ्यावर बसला.

बाहेरून प्लाय मारून झाल्यावर काकांनी भिंतीला धक्का दिला. हलली नाही.

"हरलो मी," ते म्हणाले. "आण तुझी गाडी."

"उरलेल्या तीन भिंती मी धरतो. तुम्ही ठोका."

"आणि गाडी?"

"राहील उन्हात. तिला काय होतंय."

काका बोट चोखत म्हणाले, "दोर नीट गुंडाळ. लहानपणापासून गुंता करतोस."