इंदूरला नेलेले खवले आणि माझं चिमूटभर मीठ

इंद्रलोक वसाहतीतल्या वहिनी, गुडघा कसाय? काशीगावच्या नानांचा खोकला गेला का? विमल, लेक आणि नातू बरी ना? आम्ही इंदूरहून सुखरूप परतलो. कुणी तिकडे जाणार असाल तर उपयोग होईल, आणि माझंही मन हलकं होईल, म्हणून लिहितेय.

माझी भाची मधुरा माशांच्या खवल्यांवर पीएचडी करतेय. खवल्यातून क्ष-किरण सोडले की आतले बारीक धागे त्यांना विखुरतात. त्या चित्रावरून धागे किती अंतरावर रचलेत ते कळतं म्हणे. तिकडच्या प्रयोगशाळेतलं यंत्र तिला एकच दिवस मिळालं होतं. "मावशी, सोबत येतेस?" तिने विचारलं आणि मी पिशवी भरली.

बोरिवलीहून संध्याकाळची गाडी. स्लीपरला तीनशेच्या आत. खवले सहा बाटल्यांत, ओल्या कापसात. सकाळी उज्जैनला बाटल्यांतून वास यायला लागला. मधुरा तोंड धुवायला गेलेली. मी खाडीकाठच्या राई गावची, मासळी नासू नये म्हणून मीठ लावायचं, हे माझ्या हातांना सांगावं लागत नाही. जेवणासोबत आणलेल्या पुडीतलं मीठ पाच बाटल्यांत चिमूट चिमूट टाकलं. सहावीच्या वेळी पुडी संपली.

इंदूर स्टेशनबाहेर पोहे-जिलबी खाताना (पाच रुपये प्लेट, वर शेव, चुकवू नका) मी मोठ्या कौतुकाने तिला हे सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"मावशी, मिठाचे खडे चित्रात आपलीच वर्तुळं काढतील गं. आणि खवल्यातलं पाणी ओढलं की धागे आकसतात. दुसरे खवले आणलेत कुठे मी?"

ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

प्रयोगशाळा रिक्षाने पाऊण तास. ओळखपत्र न्याच, कॅमेरा गेटवर ठेवून घेतात. तिथले सर हसले, "आंटीजी, नमक ले आईं, नींबू भूल गईं?" पण शुद्ध पाणी त्यांनीच काढून दिलं. खवले धुवायचे, धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. दुधाळ झालं की मीठ अजून आहे. पाणी बदलायचं काम मी मागून घेतलं. सहा वेळा पाणी दुधाळच. सातवं नितळ!

दुपारी चित्रं आली. बिनमिठाचा खवला आणि धुतलेला, दोन्ही शेजारी ठेवून मधुराने अंतरं मोजली. पुन्हा मोजली.

"मावशी, सेम आहेत!"

तिने वही काढून लिहिलं: 'प्रवासात मावशीने मीठ घातले. तिनेच सात पाण्यांनी धुतले.'

"ते कशाला लिहितेस, मेले? खोड की."

"झालं ते लिहायचं असतं, मावशी."

घरी येऊन चार दिवस झाले. जन्मभर मी चुका पदराखाली झाकत आले. ही एक वहीत उघडी पडलीय, आणि झोप मात्र छान लागतेय. तुमचीही एखादी असेल तर खाली लिहा. पण लवकर हं, वाट बघतेय.