गप्प बसलेल्यांचा होकार

नियम मीच लिहिला होता, हे आधी सांगून टाकते. म्हणजे मी दुसऱ्या कुणाच्या चुकीबद्दल बोलते आहे, असं पुढे वाटायला नको.

आम्ही पाच-सहा जण मिळून एक सॉफ्टवेअर सांभाळतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मराठीत जे असेल ते आवाजात वाचून दाखवणारं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. ते कुणाच्या मालकीचं नाही. कुणीही त्याचा कोड उघडावा, सुधारावा, वापरावा. मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून माझा वाटा उचलते. दोघे पुण्यात आहेत, एक नागपूरला, एक परदेशात. एकमेकांचं तोंड न बघता आम्ही वर्षानुवर्षं एका मेल-गटावर भांडत आलो आहोत. स्वल्पविरामाला आवाजानं किती थांबावं यावर एकदा तीन आठवडे गेले, आणि शेवटी दोघांनी एकमेकांशी बोलणंच सोडलं.

तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी कारभाराचे नियम लिहायला घेतले. त्यातला मुख्य नियम असा: कुणीही प्रस्ताव मांडावा, सात दिवस थांबावं, तेवढ्यात कुणी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव मंजूर. असल्या खुल्या प्रकल्पांत हा नियम पुष्कळ ठिकाणी चालतो. मला त्याचा फार अभिमान होता. लग्नाच्या बैठकीत मुलगी खाली मान घालून बसली की होकार धरायचा, या गोष्टीवरून मी कॉलेजात असताना घरच्यांशी भांडून उठले होते. तीच मी, पण नियम लिहिताना ते एकदाही आठवलं नाही.

आमच्यात एकाच माणसाला कोड येत नव्हता. ते गगनबावड्याचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. साखरेच्या आजारानं डोळे गेले, तसे ते आमचं सॉफ्टवेअर वापरायला लागले आणि पहिल्याच पत्रात त्यांनी सतरा चुका काढून पाठवल्या. आम्ही सगळेच त्यांना गुरुजी म्हणायला लागलो. पुढे एक रीत पडली. नवी आवृत्ती लोकांना द्यायच्या आधी ती गुरुजींकडे जायची. ते आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर, कानाला हेडफोन लावून, शाळेच्या पुस्तकातला एक पूर्ण धडा ऐकायचे आणि आम्हाला एका शब्दाचं पत्र पाठवायचे: व्हय. ते आल्याशिवाय आम्ही काही बाहेर सोडत नव्हतो. ही रीत मात्र मी नियमांत लिहिली नाही. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट कागदावर कशाला घालायची, असं वाटलं.

एका जुलैमध्ये पुण्यातल्या एकानं प्रस्ताव मांडला की जुना आवाज काढून टाकू. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जुना आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा यायचा आणि त्याची देखभाल करायला कुणी तयार नव्हतं. नवा आवाज गोड होता, फक्त त्याला जरा ताकदीचा कॉम्प्युटर लागायचा. सात दिवस कुणी काही बोललं नाही. नागपूरकरांनी तेवढं विचारलं, गुरुजींचं काय? मी उत्तर दिलं की हरकत असती तर बोलले असते, ते कुणाला भितात होय? आणि आठव्या दिवशी मी प्रस्तावाखाली ‘मंजूर’ लिहिलं, आणि गुरुजींच्या ‘व्हय’ची वाट न बघता नवी आवृत्ती बाहेर सोडली.

गगनबावड्याला त्या वेळी वीज नव्हती आणि मोबाइलचा टॉवर बंद होता. पेपरात मी ते वाचलंही होतं. तिथल्या पावसाचं आम्हा कोल्हापूरकरांना काही वाटत नाही, दरवर्षीचंच ते. बातमी वाचली, पान उलटलं आणि चहा घेतला. गुरुजींच्या गप्प बसण्याशी तिचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

अकराव्या दिवशी तिथलं नेट परत आलं. गुरुजींच्या कॉम्प्युटरनं आपणहून नवी आवृत्ती उतरवून घेतली. जुना आवाज गेला. नवा त्या जुन्या यंत्राला पेलेना. कॉम्प्युटर चालू होता, पण मुका झाला. आम्हाला कळवावं तर काय टाइप होतंय हेच त्यांना ऐकू येत नव्हतं. मी त्यांचं मौन होकार म्हणून धरलं होतं, आणि त्या होकारानंच त्यांचं बोलणं बंद केलं.

आणखी चार दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. माझा नंबर गुरुजींनी पूर्वी कधीतरी तिच्याकडूनच वहीत लिहून घेतला होता. “मामंजी कुणाशी बोलत न्हाईत,” ती म्हणाली, “आन् कॉम्प्युटर बी बोलत न्हाय.” मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. गुरुजींची तपासणी कोल्हापुरात झाली होती. निदान फोनवर सांगू नका, घरात सगळे ऐकतात, मराठीत चार ओळी लिहून मेल करा, असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं. त्यांना ते एकट्यानं, हेडफोन लावून ऐकायचं होतं. मेल आला तेव्हा यंत्र मुकं होतं. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली आणि शेवटी सुनेला वाचायला बसवलं. दुसऱ्या ओळीवर तिचा आवाज गेला. “मला वाचायला नगं हुतं त्ये,” एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

त्याच दुपारी आम्ही जुना आवाज परत आणला. मी गटावर झालेलं सगळं लिहिलं, आजाराचं सोडून, आणि प्रस्ताव मांडला की यापुढे गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. ज्याचं काम अडणार असेल त्याचा होकार विचारून घ्यायचा. लगेच गगनबावड्याला निघायचं होतं, पण वाटेत मांडुकलीपाशी रस्त्यावर पाणी होतं आणि एस.टी. बंद होती. त्या सात दिवसांत दोघांनी पाठिंबा दिला, बाकी सगळे गप्प. म्हणजे जुन्या नियमानं माझा प्रस्ताव मंजूर झाला होता. मला हसावं की रडावं कळेना. मी एकेकाला फोन लावला आणि तोंडानं होय म्हणायला लावलं. पुण्याचा कुरकुरला, अशानं काम कधी पुढं सरकायचं म्हणाला. मी म्हटलं, नाही सरकलं तर नाही सरकू दे. शेवटी तोही हो म्हणाला. राहिले फक्त गुरुजी.

पाणी उतरल्यावर रंकाळा स्टँडवरून पहिली गाडी पकडली. नव्यानं उतरवून घेण्यावर माझा भरवसा उरला नव्हता, म्हणून जुना आवाज पेन ड्राइव्हवर घेतला होता. गुरुजी पडवीत बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर भेटत होतो. पत्रांवरून मी त्यांना चांगलं उंच समजत होते, ते निघाले लहानखुरे. मी पायाला हात लावला आणि म्हटलं, “माझं चुकलं गुरुजी.” त्यांनी कॉम्प्युटरच्या दिशेनं हात केला.

आवाज बसवायला दहा मिनिटं लागली. पत्र्याचा डबा पुन्हा बोलायला लागला. गुरुजींनी हेडफोन चढवला, मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि बोटांनी चाचपत डॉक्टरांचं पत्र उघडलं. त्यात काय आहे ते त्यांना आता ठाऊक होतं. तरी त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, एकदा आणि मग परत एकदा. सून दारात उभी होती, ती आत गेली.

हेडफोन काढून ते म्हणाले, “माझा आजार मला सुनंच्या रडण्यातनं कळला, पोरी. मी आदी ऐकणार हुतो. चार दिस मनात ठिवून, मग घरात सांगणार हुतो. त्ये आता तुझ्या पेन ड्राइव्हनं परत येतंय व्हय?”

येत नव्हतं. मी नाही म्हटलं.

निघताना मी नव्या नियमाचं विचारलं, तुमचं म्हणणं काय? ते गप्प राहिले. चहा झाला, गाडीची वेळ झाली, तरी गप्पच. मी तशीच परत आले आणि गटावर लिहिलं की गुरुजींचं उत्तर यायचं आहे, प्रस्ताव खुला आहे. एक आठवडा गेला, दोन गेले. पुण्याहून विचारणा झाली की आता मंजूर धरायचं का. मी लिहिलं, नाही.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. ते एका शब्दाचं ‘व्हय’ सोडलं तर गुरुजी एरवी पत्रात पुस्तकी मराठी लिहीत, हे मात्र बोलल्यासारखं होतं. ‘व्हय. पर एक लिवा. पुढं कदी मी गप्प असलो, तर आदी बघून या, मी हाय का न्हाय.’

आमच्या नियमांच्या कागदावर ते वाक्य आता सगळ्यात वर आहे. गुरुजींचे उपचार चालू आहेत. दोन दिवस त्यांचं पत्र आलं नाही की मी फोन करते, आणि पलीकडून कुणी उचलेपर्यंत मला भीती वाटत राहते.