बबडीला काय आवडतं

बारावीचा निकाल लागला आणि बबडी गणितात नापास झाली. लहानपणी तोंडाला क्षणभर विसावा नसायचा, म्हणून घरात तिचं नाव बबडी पडलं. त्या दिवशी मात्र तिने चकार शब्द काढला नाही. वडील बस डेपोत मेकॅनिक. पोरगी इंजिनिअर होणार असं त्यांनी डेपोभर सांगून ठेवलेलं. ते तोंड लपवल्यासारखे कामावर गेले.

खरं तर गणिताशी तिचं कधीच जमलं नव्हतं. कॅप्टनने घेतलं म्हणून तिने घेतलं. कॅप्टन म्हणजे शाळेच्या व्हॉलीबॉल संघाचा कप्तान, आणि नववीपासून बबडीचं सारं जग. त्याने चहा सोडला, हिनेही सोडला. त्याला पिवळा रंग आवडेना, तर हिचे पिवळे ड्रेस धाकट्या बहिणीच्या अंगावर गेले. आई म्हणायची, उद्या तो डोक्यावर उभा राहिला तर ही पाय वर करून तयारच असेल.

कॅप्टन चांगल्या मार्कांनी पास झाला. त्याला दूरच्या शहरात प्रवेश मिळाला. गुणपत्रिका घ्यायला दोघं शाळेत गेले, तेव्हा सायकलस्टँडवर बबडीने त्याला सांगितलं की ती पुन्हा परीक्षेला बसेल आणि त्याच्या मागोमाग त्याच कॉलेजात येईल. तो बराच वेळ सायकलच्या कुलपाशी खुडबुड करत राहिला.

"नको येऊस," तो म्हणाला. "मी जे म्हणतो तेच तू म्हणतेस. तुझ्याशी बोलताना मला एकट्यानेच बोलल्यासारखं वाटतं."

दुसरी कुणी मुलगी असती तर तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तशी कुणी नव्हती. बबडीने रडून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं. तो वाईट वागला नाही, नुसता सायकल काढून निघून गेला.

त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. शेवटी आईने तिला उठवलं आणि मावशीच्या लाँड्रीत धाडलं. मावशीने काही विचारलं नाही. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, मग पाठ, एवढं शिकवलं आणि हातात इस्त्री दिली. रेडिओशी चाळा करत तिने विचारलं, कुठली गाणी लावू?

"काहीही," बबडी म्हणाली.

"काहीही नावाचं गाणं अजून कुणी गायलं नाही बाई. तुला काय आवडतं ते सांग."

बबडी विचार करत उभी राहिली. जी गाणी आठवली ती सगळी त्याची होती. त्याच्याआधी तिला काय आवडायचं ते काही केल्या आठवेना. विचार करता करता टेबलावरच्या चादरीला करपल्याचा वास आला. मावशीने तिच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि रेडिओ बंद केला.

काही दिवसांनी कॅप्टनची आई पिशवीभर शर्ट घेऊन आली. मुलगा परवा निघतोय म्हणाली. बबडीला तिने ओळखलं. पुन्हा बस परीक्षेला, धीर सोडू नकोस, असं मायेने सांगितलं. मावशी म्हणाली, ते शर्ट मी करते. बबडीने ऐकलं नाही. एकेक शर्ट पसरून तिने इस्त्री केली. ती वाट पाहत होती, आता रडू येईल. आलं नाही. आपल्याला त्याची आठवण येतेय की नुसती कुणाच्यातरी मागे जायची सवय सुटत नाहीये, हेच तिला कळेना. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर आपण त्याच्यासाठीही चहा सोडला असता, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

त्या संध्याकाळी जेवताना वडिलांनी फेरपरीक्षेचा विषय काढला. शिकवणी त्यांनी ठरवूनच ठेवली होती.

"मला गणित नको, बाबा," ती म्हणाली. "मला ते कधीच आवडलं नाही."

"मग काय हवंय?"

"माहीत नाही."

वडिलांनी ताट सरकवलं. म्हणाले, माहीत नसलेल्या गोष्टीची फी कुठे भरतात ते सांग, मी उद्याच भरतो. ते उठून गॅलरीत गेले आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आईने पदराने डोळे पुसले. एक शब्द गिळला असता तर घर शांत राहिलं असतं, असं तिचं म्हणणं पडलं.

बबडीने शब्द मागे घेतला नाही. त्यात तिला कसलाही आनंद झाला नाही; छातीवरचा दगड होता तिथेच होता. तिला स्वतःबद्दल काय कळलं होतं, तर एवढंच की आत चाचपून पाहिलं तर हाताला काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती लाँड्रीत गेली. लाँड्री आवडत होती असंही नाही. पण कुणी विचारलं असतं, तर तेवढं तरी तिला खरं सांगता आलं असतं.