चार नंबरची दोरी

त्या दुकानदाराला अख्खा बाजार ‘सर्वज्ञ’ म्हणायचा. तोंडावर कौतुकाने म्हणायचा, पाठीमागे कशाने ते विचारू नका. गळ, रिळं, काठ्या आणि दोऱ्या विकायचं त्याचं दुकान गल्लीच्या टोकाला. इतकं अरुंद, की आत तीन गिऱ्हाइकं शिरली की चौथ्याने पायरीवर थांबायचं. आणि माणसं थांबायचीही, कारण सर्वज्ञ बोलायचाच तसा. ‘मला माहीत नाही’ हे शब्द त्याने उभ्या जन्मात उच्चारले नव्हते. गल्ल्यावर बसलेली त्याची बायको म्हणायची, “प्रत्यक्ष देवाने काही विचारलं, तरी हे त्यालाच चार गोष्टी सुनावून पाठवतील.”

एका शनिवारी, दुकान भरलेलं असताना, पोस्टमनकाका आले. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी ते पोस्टमनकाकाच. डोंगरातल्या लहान ओढ्यांवर जाऊन बोटभर मासे धरायचे आणि परत पाण्यात सोडायचे, हा त्यांचा एकुलता एक नाद. मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. रोज चेंडू दाबून दाबून त्यांनी तो परत मिळवला होता. डॉक्टर म्हणाले, हात बरा झालाय, आता वापरा. म्हणून काका काठी पिशवीत घालून आले होते. घरची दोरी पडून पडून तडकली होती.

“चार नंबरची दोरी दे रे,” ते म्हणाले.

“लावणार कुठे? त्या उडी मारून ओलांडता येणाऱ्या ओढ्यांवरच ना? मग चार कशाला? दोन घ्या, दोन!”

इथे जरा थांबून सांगायला हवं. काकांच्या ह्या मासेमारीत गळाला पिसांची खोटी माशी बांधतात. तिला वजन म्हणून नसतंच. म्हणजे फेकायची असते ती दोरी. दोरीच्या भाराने काठी वाकते आणि सरळ होताना दोरीला पुढे झुगारते. नंबर मोठा तेवढी दोरी जड.

“पण माझ्या काठीला चारच लागायची,” काका पिशवीची नाडी सोडत म्हणाले. “दाखवतो ना.”

“असू दे, असू दे! मला काठी बघावी लागत नाही. जड दोरी लहान पाण्यात धपकन पडते, मासा तिथून पसार. साधा हिशोब आहे.” मग पायरीवरच्या लोकांकडे बघत तो म्हणाला, “काका, आजारातून उठलात. थोडं इकडचं तिकडे होतंच डोक्यात.”

दोघं-तिघं हसले. काकाही हसले, दोन नंबरची दोरी घेऊन गेले. गल्ल्यावरून बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पण सर्वज्ञ पुढच्या गिऱ्हाइकाला शहाणा करण्यात गुंतला होता.

तीन आठवड्यांनी काकांची लेक दुकानात आली. काठी, रीळ, खोट्या माश्यांची डबी, सगळं तिने काउंटरवर मांडलं. “भाऊ, हे कोणाला तरी देऊन टाका. बाबांचा हात गेला.”

“गेला म्हणजे? डॉक्टर तर—”

“चार वेळा ओढ्यावर गेले. दोरी पुढे जातच नाही, पायाशी गोळा होऊन पडते. आता काही करतच नाहीत. शर्टाची बटणंसुद्धा मी लावते.”

ती गेल्यावर सर्वज्ञ काठी घेऊन मागच्या बोळात गेला. काठी जुनी, चांगली ताठ. मुठीजवळ छापलेला दोरीचा नंबर घासून गेलेला. त्याने आठ-दहा हात दोरी बाहेर काढून फेकली. ती त्याच्याही पायाशी पडली. पुन्हा फेकली, पुन्हा पडली. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोठ्या नदीवर तीस हात दोरी हवेत असते, तिथे हलकीचाही भार होतो. ओढ्यावर दहा हातच सुटते. तेवढ्या दोन नंबरने ही ताठ काठी कशी वाकावी? त्याने चार नंबरची दोरी चढवली. बोळाच्या त्या टोकाला उलटं घातलेलं घमेलं होतं, दोरी अलगद त्यावर जाऊन टेकली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. बायको दारात उभी होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

“मग जा की,” ती म्हणाली. “त्या दिवशी चारचौघांत जीभ बरी चालली होती.”

गेला. पण खोड जाईल तर शपथ! वाटेत त्याने एक गोष्ट रचली, आणि काकांच्या खोलीत शिरताच ती सांगून टाकली, “काका, काठीचा सांधा ढिला झाला होता. मी घट्ट केलाय. आता बघा.”

काका खिडकीशी बसले होते. त्यांनी काठीकडे पाहिलंसुद्धा नाही. “सांधा मी दर वेळी तपासतो रे. काठीला काही झालेलं नाही. घेऊन जा.”

लेक चहाचा कप घेऊन आली आणि तिने तो वडिलांच्या ओठांना लावला. काकांनी लहान मुलासारखा घोट घेतला. सर्वज्ञाला तिथे उभं राहवेना, आणि पळूनही जाववेना.

“सांधा बरा होता,” तो म्हणाला. “खोटं बोललो मी. दोरी चुकीची होती. मी दिलेली. तुमचा हात बरा आहे काका. तुमचं चारच बरोबर होतं. मी काठी बघायला हवी होती, बघितली नाही.”

लेकीचा हात कपासकट तिथेच थांबला.

काकांनी पहिल्यांदाच काठीकडे पाहिलं. मग म्हणाले, “चाळीस वर्षं चारच लावली मी. पण तू इतकं ठासून सांगितलंस, म्हटलं, आपल्याच डोक्याला काहीतरी झालंय. त्यानंतर मी कशातच स्वतःवर भरवसा ठेवला नाही. पेन्शनचा फॉर्म हिला दिला भरायला. गॅसला हात लावायचं सोडलं.” ते लेकीकडे वळले. “घराची किल्लीही दिली ना गं तुला, परवा? म्हटलं, एखाद्या दिवशी घर सापडायचं नाही मला.”

तिने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, पण सर्वज्ञाकडे तिने पाहिलं ते काही रडवेल्या नजरेने नाही.

“आण ती,” काका म्हणाले.

तिने पर्समधून किल्ली काढून त्यांच्या उजव्या हातात ठेवली. त्यांनी मूठ मिटली.

“माझं चुकलं, काका,” सर्वज्ञ म्हणाला. मनातून तो वाट बघत होता, की काका नेहमीसारखं हसून म्हणतील, जाऊ दे रे, होतं असं.

“हो,” काका म्हणाले. “चुकलं तुझं.”