मशीनची कसकस

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात ज्वारी निवडत बसले होते. सुमनचा भाऊ बदनापूरहून बोलत होता. "आक्का, दाजी गेले हो..." पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. भास्कर माझा धाकटा दीर, सुमन त्याची बायको. माझं लग्न झालं तेव्हा हा चौथीत होता. हसनाबादहून त्याला शिकायला जालन्याला आणला तो मीच, जालना नवा जिल्हा झाला त्या साली. म्हणायला दीर, पण वाढवला लेकासारखा. लेकासारखा म्हणते खरी... आणि तिथेच माझी जीभ अडखळते. का, ते आज सांगून टाकते.

आयटीआय करून तो सळयांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. आमच्या जालन्यात भंगार वितळवून सळया करणारे कारखाने किती, तुम्हाला ठाऊकच आहे. सुरुवातीला तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून मोटरची तब्येत ऐकायचा. मग मालकाच्या मुलानं पुण्याहून सेन्सर आणले. काडेपेटीएवढ्या डब्या मोटरींना चिकटवल्या आणि त्यांच्या वायरी केबिनमधल्या कॉम्प्युटरला जोडल्या. मोटर किती थरथरते, किती तापते, याची रेघ पडद्यावर उमटायची. कॉम्प्युटरला हात लावायची बाकीच्यांना भीती, म्हणून ते काम भास्करकडे आलं. मी एकदा विचारलं, "अरे, पण त्या रेघेवरून तुला कळतं तरी काय?"

"वैनी, ताप यायच्या आधी आपलं अंग कसकसतं का न्हाई? तसंच मशीनचं. वरून ठणठणीत दिसती, पण आतून कसकस सुरू असती. ती पकडायची."

"मंग माझ्या गुडघ्याला लाव की एक डबी!"

"तुमचा गुडघा बिना डबीचाच ओरडून राह्यलाय."

असं त्याचं बोलणं. तर एक दिवस त्यानं चिठ्ठी लिहून दिली, तीन नंबरच्या मोटरची बेअरिंग आठ-दहा दिवसांत जाईल, आत्ताच बदला. फोरमन हसला. मोटर तर गुमान फिरत होती. सातव्या दिवशी बेअरिंग फुटली आणि दोन पाळ्या काम बंद पडलं. मला वाटलं, आता पोराला शाबासकी मिळणार. कुठली शाबासकी! पुढच्या महिन्यात गिअरबॉक्सचंही त्यानं सांगितलं तसंच झालं आणि कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, याची जीभच काळी. कुणी केबिनच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. फोरमन तर सरळ म्हणाला, "चोरालाच बराबर माहीत असतं चोरी कधी होणार. वंगणात वाळू टाकली की सातव्या दिवशी फुटंलच की!" गेटवर त्याचा जेवणाचा डबा उघडून पाहायला लागले.

हे सगळं माझ्या कानावर आलं ते नळावरच्या बायकांकडून. त्यात बदनापूरच्या सुमनचं स्थळ नुकतंच जमत आलेलं. मी भास्करला काही विचारलं नाही. नुसती बघत राहिले... जेवताना, हात धुताना, त्याच्या नखांत वाळू दिसते का म्हणून. खोटं कशाला सांगू? ज्याचं नाक पुसलं, त्याच्या नखांवर मी पाळत ठेवली होती.

मग एका शनिवारी धुणं धुताना त्याच्या पँटच्या खिशात चिंधीत गुंडाळलेली बेअरिंगची फुटकी कडी सापडली. म्हटलं, झालं, हाच तो पुरावा, यानं लपवून आणलाय. आता गेटवरचे घरी आले तर? सुमनच्या घरच्यांना कळलं तर? दारावरून भंगारवाला चाललाच होता. एका फुटक्या कढईत ती कडी घातली आणि देऊन टाकली. जालन्यात भंगार थांबतं का हो? सकाळी गाड्यावर, संध्याकाळी सळई.

सोमवारी भास्कर खिसे चाचपत स्वयंपाकघरात आला. "वैनी, पँटीत लोखंडाचा तुकडा होता. पाह्यला का?"

"न्हाई बा. कशाचा होता?"

"फुटल्या बेअरिंगची कडी. वाळूनं गेली असती तर सगळ्या कडीवर ओरखडे पडले असते. ही आतून तडकलेली, लई जुनी तड आहे. शेठला दाखवणार होतो आज."

म्हणजे पुरावाच होता तो, पण त्याच्या बाजूचा! तेव्हा तरी बोलायचं की नाही मी? नाही बोलले. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि रिकाम्या हातांनी निघून गेला. शेठनं त्याला केबिनमधून काढून यार्डात सळयांचे गठ्ठे बांधायला लावलं. बदनापूरकर म्हणाले, दिवाळीनंतर बघू.

केबिनमधला कॉम्प्युटर आपला रेघा ओढतच होता, पण पाहणारं कुणी नव्हतं. पाच-सहा महिन्यांनी भर दुपारी कारखान्यातली सगळ्यात मोठी मोटर बसली. भास्कर तर इतके महिने मशिनीच्या सावलीलाही गेलेला नव्हता. पुण्याचा इंजिनिअर आला, जुन्या रेघा काढून पाहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पंधरा दिवसांपासून हे सांगतंय. तुमच्यात वाचणारं कुणी नव्हतं का?" फोरमनची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी भास्कर परत केबिनमध्ये. लग्नही झालं, पुढं तो बदनापूरलाच राहायला गेला. मी अक्षता टाकल्या, पण कडीचं काही सांगितलं नाही. पुढं सांगू, पुढं सांगू... असं करत वर्षं गेली.

दहाव्याचा विधी उरकल्यावर सुमन माझ्याजवळ येऊन बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "तुला त्याच्या धुण्याचा तरी तरास नसंल. माझ्याकडं होता तेव्हा आपले कपडे आपणच धुवायचा. मागल्या महिन्यात आल्ता तेव्हाबी मी नको नको म्हणतेय, अन् हा बादली घेऊन बसला."

सुमन रडता रडता हसली. "काय सांगता आक्का! घरी एक रुमाल कधी पिळला न्हाई त्यांनी."

इतकी वर्षं मी समजत होते, गुणाचं पोर, वहिनीला वाकवत नाही म्हणून धुतंय. कधीपासून धुवायला लागला, ते मनात मोजत मागं गेले... तर कडी विचारायला आला, त्या सोमवारपासून.

मागल्या महिन्यात धुतलेला त्याचा एक शर्ट माझ्या दोरीवरच राहून गेला होता. धुणं त्याला कधी आलंच नाही, कॉलरचा मळ तसाच आहे. घडी घालताना वरच्या खिशात काहीतरी हाताला लागलं. भिजून वाळलेल्या कागदाचा गोळा असावा, चिठ्ठी असेल, नाहीतर बसचं तिकीट... मी खिशात हात घातला नाही. शर्ट तसाच कपाटात ठेवलाय.